पाणी मारल्याशिवाय

उन्हाळा जसजसा वर चढत गेला, तसतसं थोरलीचं दूध उतरत गेलं. थोरली म्हणजे मोठी म्हैस. धाकटी कधीच आटली होती. ती दिवसभर खायची आणि आपल्याला काय त्याचं, अशा तोंडानं रवंथ करत बसायची. त्यामुळे सगळं घर एकट्या थोरलीच्या कासेच्या चार सडांना लोंबकळत होतं. ओढ्याकाठचा हिरवा चारा संपला, बांधावरचं गवत चुलीत घालायच्या लायकीचं झालं, आणि गोठ्यात उरला तो गेल्या सालचा कडबा. तोही इतका वाळलेला, की थोरली चावायला लागली की पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज यायचा.

दूध नुसतं कमी झालं असतं तर चाललं असतं. ते पातळ झालं. म्हैस आजारी पडली तर लोक विचारपूस करायला येतात. दूध पातळ झालं की ते आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

धार आई काढायची. आधी ते काम बाबांचं होतं. हिवाळ्यात कुट्टी मशीनमध्ये वैरण सारताना त्यांचा उजवा हात पात्यापर्यंत गेला आणि मधली बोटं तिथंच राहिली. जखम भरली, पण मूठ वळेना. बाबा डाव्या हातानं शेण भरायचे, डाव्या हातानं दावं सोडायचे, आणि धार काढायची वेळ झाली की काही ना काही निमित्त काढून गोठ्याबाहेर जायचे. आईला धारेची सवय नव्हती आणि थोरलीला आईची. त्यात भर म्हणजे थोरलीचं रेडकू गेलं. बाकीच्यांच्या गोठ्यात आधी रेडकू लावतात. त्यानं दोन ढुशा मारल्या की म्हैस पान्हा सोडते. इथं रेडकूच नव्हतं. थोरली पान्हा चोरायला लागली. कास टम्म भरलेली, पण दूध वर ओढून धरायची आणि मान वळवून आईकडे अशी बघायची, की हिनंच रेडकू कुठंतरी लपवलंय.

आईनं सगळं करून पाहिलं. पाठ खाजवली, पुढ्यात पेंड ठेवली, गोड बोलली, शिव्याही घातल्या. शेवटी एकदा कोमट पाण्याचा तांब्या घेऊन तिनं सडांवर हबके मारले आणि ओल्या फडक्यानं हळूहळू पुसत राहिली. थोरलीला काय भासलं कोण जाणे. रेडकाची जीभ वाटली असेल. तिनं अंग सैल सोडलं आणि पान्हाही. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. पहाटे गोठ्यातून हाक यायची, "टकळे, पाणी मारायला आण गं."

टकळी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. शाळेच्या हजेरीत तिचं चांगलं, शोभिवंत नाव होतं, पण ते हजेरीतच राहिलं. जिभेला विसावा म्हणून नव्हता, झोपेतही बोलायची, म्हणून टकळी. घरात पाणी तापवून तांब्या नेणं आणि मग दुधाची किटली घेऊन डेअरीत जाणं ही दोन कामं तिची. पाणी मारायचं काम मात्र आई तिच्याकडे देत नव्हती. म्हणायची, थोरलीला हात ओळखीचा लागतो.

डेअरी म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, वर पत्रा, पुढं अंगण. तिथं डेअरीवाले काका एका उंच भांड्यात दूध ओतायचे आणि त्यात काचेची नळी सोडायचे. दूध कसदार असलं की नळी वर तरंगते, पातळ असलं की खाली बसते. नळीवर आकडे असतात, त्याला डिग्री म्हणायचं. टकळीच्या किटलीच्या वेळी नळी रोज जरा जास्तच खाली बसायला लागली होती. काका नळी पुसायचे, परत सोडायचे, परत वाकून बघायचे. ते परत वाकणंच टकळीला नको व्हायचं. मागं रांगेत उभी असलेली गिरणीवाली पदर सावरत दुसरीकडे बघायची, पण तिला सगळं दिसायचं. ती तशीच बाई होती. पीठ दळताना सगळ्या गावाचं ऐकायची आणि पिठासारखंच बारीक करून पोचवायची.

शाळेत त्या वर्षी नव्या बाई आल्या होत्या. नव्या म्हणजे वयानं नव्हे. केस पिकायला लागलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पण त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, एक प्रोजेक्टर होता, आणि फोनचं नेट पकडायला त्या फोन खिडकीच्या वरच्या गजाला फडक्यानं बांधून ठेवायच्या, कारण रेंज तेवढ्याच गजाला यायची. त्यांनी वर्गाचा ब्लॉग काढला होता. ब्लॉग म्हणजे काय, हे समजावताना बाई म्हणाल्या होत्या की ही आपल्या वर्गाची अशी भिंत आहे, जी दुसऱ्या गावात बसलेल्या माणसालाही वाचता येते. मग त्यावर कुणाचाही चेहरा नाही, कुणाचंही नाव नाही, फक्त घरातले हात. आपल्या घरातले हात काय काम करतात ते लिहायचं, आणि हाताचा एक फोटो.

लिहायचं म्हणजे बोलायचं. हीच तर गंमत होती. बाईंनी फोनला ऐकून लिहायला शिकवलं होतं. एकेकानं पुढं यायचं, फोनपुढं बोलायचं, आणि बोललेले शब्द मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात उमटायचे. बाईंचं एकच म्हणणं होतं: घरी बोलता तसंच बोला. मी काना-मात्रा बघेन, तुमचे शब्द बदलणार नाही. गवंड्याच्या मुलीनं सांगितलं की माझे बाबा भिंत लिंपतात, तर भिंतीवर उमटलं, माझे बाबा भिंत जिंकतात. वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या की फोनचंही काही खोटं नाही. पुढच्या मुलीनं शेण हा शब्द उच्चारला. हसण्याची दुसरी लाट आली, ती मात्र तशी चांगली नव्हती. ती मुलगी लाल झाली आणि पुढचं वाक्य तिनं पुटपुटत उरकलं.

मग टकळी उठली. घरी कितीही बोलली, तरी दोन वर्षांपूर्वी तिला वर्गापुढं बोलावलं असतं तर तिनं बाकाखाली डोकं घातलं असतं. पण याच वर्षी तिला कळलं होतं की आपला आवाज मोठा आहे आणि तो सोडला तर खोलीच्या पार टोकाला जाऊन आदळतो. तिनं ओढणीची टोकं मागं बांधली आणि सुरुवात केली. आईचा अंगठा धारेनं कसा मुडपतो आणि त्याच्यावर कसा घट्टा पडलाय, ते सांगितलं. पहाटे गोठ्यात कसा वास असतो, ते सांगितलं. भिंतीवर अक्षरं धावत होती आणि वर्ग चक्क गप्प झाला होता. मग ते वाक्य आलं. सडांवर पाणी मारल्याशिवाय आमची म्हैस दूध देत नाही, असं तिला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात सड उमटलेला तिला डोळ्यांपुढं दिसला. मागच्या बाकावर कुणाचं तरी खुदकन हसू तयारच होतं. शेणाला हसणारे सडांना काय सोडतात. तिनं तो शब्द गिळला आणि वाक्य आवाजाच्या जोरावर पुढं ढकललं.

"पाणी मारल्याशिवाय आमच्या घरातलं दूध डेअरीला जातच नाही."

भिंतीवर ते उमटलं. कुणी हसलं नाही. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. अगदी तुझ्या आईचं बोलणं." टकळी बाकावर येऊन बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. आनंदानं.

आईच्या हाताचा फोटो तिनं आदल्या दिवशीच बाबांच्या फोनवर काढला होता. संध्याकाळपर्यंत सगळं ब्लॉगवर गेलं आणि बाईंनी ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं. टकळीनं रात्री जेवताना बाबांना दाखवलं. बाबांनी फोन लांब धरून फोटो बघितला, वाचलं काहीच नाही, आणि म्हणाले, हात ओळखू येतोय. आईनं नुसतं विचारलं की नखं स्वच्छ दिसतात ना. एवढंच.

सकाळी डेअरीच्या अंगणात टकळी पोचली तेव्हा रांग रांगेसारखी नव्हती. माणसं घोळका करून उभी होती आणि मधोमध गिरणीवालीच्या हातात फोन होता. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली; एकेक शब्द सुटा करून वाचायची, त्यामुळे प्रत्येक शब्द दगडासारखा पडत होता. पाणी. मारल्याशिवाय. आमच्या. घरातलं. दूध. टकळीला पहिल्यांदा वाटलं की हे आपलं कौतुक चाललंय. ती हसलीसुद्धा. मग तिला दिसलं की तिच्या हसण्याला कुणी हसून उत्तर देत नाहीये.

डेअरीवाल्या काकांनी तिच्या हातून किटली घेतली नाही. त्यांनी नळीही काढली नाही. ते म्हणाले की आज राहू दे, आईला सांग, जरा चौकशी होऊ दे, सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं, मला सगळ्यांचा विचार करायला लागतो. ते वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर टकळीनं उलट उत्तर दिलं असतं. त्यात ती कमी नव्हती.

"पण काका, झालं काय?"

उत्तर गिरणीवालीनं दिलं. "आम्ही कुठं काय म्हणतोय बाळ? हात तुझ्या आईचाच आहे, तूच लिहिलंयस. लेकरं खोटं नाही बोलत."

टकळीला तेव्हा समजलं. दुधात पाणी मारणं. सगळीकडे तसंच तर म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा टकळीला एक शब्द सुचला नाही, आणि नेमका तोच शब्द हवा होता. तिला सांगायचं होतं की पाणी दुधात नाही, पाणी तिथं. पण तिथं म्हणजे कुठं, हे एवढ्या माणसांपुढं, बाप्यांपुढं, ओठांवर येईना. ती भरलेली किटली घेऊन मागं फिरली. रोज घरी परतताना किटली रिकामी असते, तेव्हा ती पायावर वाजते. भरलेली वाजत नाही, नुसता खांदा ओढते. रस्त्यानं जो भेटला त्यानं आधी किटलीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

आई भांडी घासत होती. तिनं विचारलं की डेअरी बंद होती का. टकळीनं सांगितलं. सांगताना मधेच रडू फुटलं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. बाबा दारात उभे होते. त्यांना आधी हसूच आलं, म्हणाले, लोक म्हणजे पण ना. मग त्यांचं हसू हळूहळू विझलं. ते म्हणाले, आपणच आजवर डिग्रीबद्दल कुणाला काही बोललो नाही. रोज मान खाली घालून आलो. लोकांना काय, त्यांनी धागा जोडला.

आईनं हात पुसले. "वाच. काय लिहिलंयस ते वाच."

टकळीनं वाचलं. आई जमिनीकडे बघत ऐकत होती. अंगठ्याच्या घट्ट्याचं वाक्य आलं तेव्हा तिनं नकळत अंगठा मुठीत दडवला. ते वाक्य आलं, तशी म्हणाली, "परत वाच." टकळीनं परत वाचलं.

"कुठं?"

"काय कुठं?"

"पाणी कुठं मारते मी?"

गोठ्यात थोरली कडबा मोडत होती, तेवढाच आवाज.

"सांगितलं होतंस का नव्हतंस? का फोननं खाल्लं?"

खोटं बोलायला जागा होती. फोननं भिंत जिंकली होती, त्यानं एक शब्द खाल्ला असता तर कुणाला खरं वाटलं नसतं? पण आई बघत होती. टकळी म्हणाली, "मीच नाही म्हटलं. सगळे हसले असते. लाज वाटली."

आई म्हणाली, "ज्याला मी सकाळ-संध्याकाळ हात लावते, ज्याच्यावर तू जेवतेस, त्याची तुला लाज." आवाज चढवला नाही. उठली आणि दूध तापवायला ठेवलं. ते दूध दिवसभर चुलीवर तापत राहिलं. आईनं एक तपेलं भरून शेजारी पाठवलं, फुकटच, नासण्यापेक्षा बरं म्हणून. शेजारणीनं ते उंबऱ्यावरूनच परत केलं. आज आमच्याकडे खूप झालंय म्हणाली. तिच्याकडे दूध देणारं काहीच नव्हतं, फक्त एक मांजर होतं. आईनं तपेलं परत घेतलं आणि धाकटीपुढं ओतलं. धाकटीनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या. लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून, चालतच. आईनं गोठ्यापुढं पोतं अंथरलं, पाणी दिलं. बाईंनी पाणी प्यायलं आणि सरळ विषयाला हात घातला. म्हणाल्या, हेडमास्तर म्हणतात ब्लॉगच बंद करा. माझ्या हातात आहे, एक बटण दाबलं की ते पान जातं. तुम्ही म्हणाल तसं करू, ताई.

आईनं विचारलं, "पुसलं तर लोकांच्या डोक्यातून पण जाईल का, बाई?"

"नाही."

"मग आणखी म्हणतील, खरं होतं म्हणून पुसलं."

बाईंनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. मग जरा थांबून म्हणाल्या की चूक तुमच्या मुलीची जेवढी, तेवढीच माझी. माझ्या आईकडे गाय होती, तिचंही वासरू गेलं होतं, तिलाही असंच पाणी मारायला लागायचं. टकळी बोलली तेव्हा मला तो तांब्या दिसला, ओलं फडकं दिसलं. न लिहिलेला शब्द मी मनात वाचून टाकला. "मला ते वाक्य बरोबर कळलं, ताई. म्हणून त्यात काय नाही, ते दिसलंच नाही."

त्यांनी एक उपाय सांगितला. उद्या पहाटे आपण धारेचं चित्रीकरण करू, तेही ब्लॉगवर टाकू, सगळं दिसेल. टकळीचे डोळे चमकले. बाबांनाही पटलं. आई मात्र मान हलवत राहिली. म्हणाली की फोनवर दिसलेलं कुणाला खरं वाटेल? म्हणतील त्या दिवसापुरतं केलं, आधी काय केलं, मागून काय केलं ते कुठं दिसतंय. शिवाय माझा हात दिसला तेवढा पुरे झाला. मग ती उठली, थोरलीजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि गोठ्यातूनच म्हणाली, "मी हिलाच घेऊन जाते डेअरीत."

बाबा म्हणाले, "अगं, ती नव्या जागी थेंब देणार नाही."

"माहितीय मला."

"आणि नाही दिला तर?"

आई थोरलीची पाठ खाजवत राहिली. बाई एवढंच म्हणाल्या की मी येते.

पहाटेचा उजेड नुकताच फुटला होता. आईनं थोरलीचं दावं सोडलं. बाबा डाव्या हातात वैरणीची पेंढी घेऊन पुढं, मागं आई, थोरली, आणि सगळ्यात शेवटी टकळी, एका हातात धार काढायची रिकामी चरवी, दुसऱ्या हातात झाकण घातलेला कोमट पाण्याचा तांब्या. थोरली अनेक दिवसांत घरापासून एवढी लांब गेली नव्हती. ती प्रत्येक खांबापाशी थांबायची, फुसफुसायची. रस्त्यावर आपली सगळी लाज चार पायांवर चालत चाललीय, असं टकळीला वाटत होतं.

डेअरीच्या अंगणात माणसं होतीच, आणि जी नव्हती ती म्हैस बघून आली. गिरणीवाली होती. बाई भिंतीपाशी उभ्या होत्या, आज हातात फोन नव्हता. आईनं कुणाला नमस्कार घातला नाही की कुणाकडे बघितलं नाही. दावं डेअरीच्या खांबाला बांधलं, चरवी उलटी करून काकांना दाखवली, आणि खाली उकिडवी बसली. काका म्हणाले, ताई, याची काही गरज नव्हती. आई म्हणाली, "मला आहे."

तिनं कासेला हात लावला. थोरलीनं पाय झाडला. आईनं परत लावला, अंगठा मुडपून ओढलं. काही नाही. कास दगडासारखी घट्ट होती, दूध आत होतं, पण थोरलीनं ते पार पोटापर्यंत ओढून धरलं होतं. आईनं कपाळ तिच्या बरगड्यांना टेकवलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. ऊन पत्र्यावर आलं. कुणीतरी म्हणालं, म्हैस आहे का भिंत. दोघंतिघं हसले. आईच्या पाठीवरचं पोलकं घामानं चिकटलं होतं आणि मानेच्या शिरा दिसत होत्या. बाबा वैरण पुढं धरून उभे होते. थोरली वैरणीकडे बघतही नव्हती.

"टकळे," आई कपाळ न उचलता म्हणाली, "पाणी मार."

टकळी तांब्या घेऊन पुढं झाली, तशी डेअरीवाले काका मधे आले. त्यांनी हात आडवा धरला. म्हणाले, पाणी नाही, आता पाणी आणू नका इथं, एवढी माणसं उभी आहेत. मागून गिरणीवाली म्हणाली की बघा, पाण्याशिवाय होतच नाही म्हणजे.

टकळीनं आईकडे बघितलं. आई वळली नाही. ती वाट बघत होती. टकळीला कळलं की आई पाण्याची वाट बघत नाहीये.

"सडांवर मारायचं असतं, काका," टकळी म्हणाली. पहिला आवाज घशातच राहिला, म्हणून तिनं परत म्हटलं, आणि या वेळी तो अंगणाच्या पार टोकाला जाऊन आदळला. "दुधात नाही. सडांवर. हिचं रेडकू गेलंय. सडांवर पाणी मारल्याशिवाय ही पान्हा सोडत नाही. तेच मला लिहायचं होतं. मी सड हा शब्द गाळला."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. एकटंच होतं ते हसू. साथ मिळाली नाही म्हणून लगेच विझलं. काकांनी हात खाली घेतला.

आई जराशी बाजूला सरकली. जागा करून दिली. टकळी बसली, तांब्यात हात बुडवला आणि सडांवर हबका मारला. थोरली दचकली. दुसरा मारला, तिसरा मारला, ओल्या फडक्यानं पुसलं, वरून खाली, रेडकाच्या जिभेसारखं हळू. सड कोमट होते, मऊ, सुरकुतलेले, आणि एकावर जुन्या जखमेचा वण होता, तो तिनं आजवर बघितलाच नव्हता. थोरलीनं मान वळवली. तिनं टकळीला पाहिलं, मग एक लांब श्वास टाकला आणि मागचे पाय किंचित फाकवले. हाताखाली कास सैल पडलेली टकळीला कळली. आईनं तिला कोपरानं दूर केलं आणि चरवी गुडघ्यांत धरली. पहिली धार पत्र्यावर वाजावी तशी चरवीच्या बुडावर वाजली.

दूध रोजच्यापेक्षा कमीच निघालं. थोरली घाबरलेली होती ना. काकांनी ते सगळ्यांसमोर भांड्यात ओतलं, नळी पुसली आणि आत सोडली. नळी हलली, डुलली, आणि खाली बसली. जिथं रोज बसायची तिथंच. काका वाकले. मग सरळ झाले. मग नेहमीसारखे परत वाकले, पण या वेळी टकळीला त्या वाकण्याचं काही वाटलं नाही.

"रोजच्याइतकीच आहे," काका म्हणाले.

आत्ता समोर काढलेलं दूध. पाण्याचा थेंब कुठं पडला ते सगळ्यांनी बघितलेलं. आणि तरी तेवढंच पातळ. जी डिग्री रोज टकळीला मान खाली घालायला लावायची, तीच आज तिच्या बाजूनं उभी राहिली. बाबांनी हातातली पेंढी वर धरली आणि म्हणाले, "हेच खाते ती. दुसरं काय येणार तिच्यातून." बोटं नसलेल्या हातानं त्यांनी त्यातली एक काडी मोडून दाखवली. ती कटकन मोडली.

काकांनी दूध टाकीत ओतलं. माफी कुणी मागितली नाही, आईनंही वाट बघितली नाही. गिरणीवाली म्हणाली की मी तर फक्त वाचलं होतं बाई, जे लिहिलंय तेच. हे खरंच होतं. आईनं दावं सोडलं आणि थोरलीला घेऊन चालायला लागली. परत जाताना थोरली कुठंच थांबली नाही. घराचा वास लागला होता.

शाळेत बाईंनी ते पान काढलं नाही. आईनंच सांगून पाठवलं होतं, पुसू नका, खाली लिहा. टकळी पुन्हा फोनपुढं उभी राहिली. सडांवर म्हणाली, तर भिंतीवर उमटलं, सरांवर पाणी मारल्याशिवाय आमची म्हैस दूध देत नाही. वर्ग लोळायचा बाकी राहिला. गणिताचे सर शेजारच्या वर्गातून डोकावून गेले. टकळीही हसली, पोट धरून हसली, आणि मग पुन्हा म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून. भिंतीवर शब्द नीट उमटला. जुन्या वाक्याच्या खाली ते नवं वाक्य राहिलं, दोन्ही एकाच भिंतीवर.

शेजारीण पुढं बरेच दिवस ताकाला आली नाही. डिग्रीही पाऊस पडेपर्यंत वर आली नाही. पण पाणी मारायचं काम आईनं टकळीकडे दिलं. पहाटे टकळी डोळे चोळत तांब्या घेऊन गोठ्यात जाते, उकिडवी बसते, हबके मारते, पुसते. मग आई चरवी घेऊन येते आणि थोरलीच्या पाठीवर हात ठेवून विचारते. रोज विचारते, एक दिवस चुकवत नाही.

"मारलंस पाणी?"

"मारलं."

"कुठं?"

"सडांवर," टकळी म्हणते, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात. आई मान हलवते आणि धारेला बसते.